मागच्याची चूक

मावशीला गॅरेजांमध्ये टॉर्चबाई म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि त्या हाकेला ती ओ देते. ठोकलेली गाडी तपासताना ती भर दुपारी, लख्ख उन्हातही टॉर्च लावते आणि पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरते. समोरून उजेड टाकला तर पत्रा गप्प बसतो, कडेने टाकला की पोचा कुठे सुरू झाला आणि कुठे दमला ते दिसतं, असं तिचं म्हणणं. मग ती जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरते, गाडीच्या मागे मांडी घालून बसते आणि बराच वेळ तशीच बघत राहते. उठताना मात्र चाकाला धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, अशी उठते. गॅरेजमधले लोक तेवढा वेळ दुसरीकडे बघतात. एवढी अदब ते फार थोड्यांना दाखवतात.

ती विमा कंपन्यांची सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी बघायची, काय मोडलं, काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल ते लिहायचं आणि अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात चूक कुणाची ते सांगायचं. सत्तावीस वर्षं ती हे करते आहे. सुरुवातीला एका गॅरेजवाल्याने तिला सीटकव्हरचा रंग निवडायला आलात का, असं विचारलं होतं. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नवा म्हणून लिहिलेला दरवाजा दुसऱ्या कुठल्या गाडीचा उतरवून रंगवला आहे, एवढं सांगून निघून आली. त्यानंतर तिला कुणी सीटकव्हरबद्दल विचारलं नाही.

गेली दोन वर्षं मी शिकायला तिच्याकडे राहते आणि तिचे अहवाल टाइप करते, त्यामुळे तो शेवटचा परिच्छेद मला तोंडपाठ आहे. 'मागील वाहनाच्या चालकाने पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखले नाही. सबब अपघाताची जबाबदारी मागील वाहनाच्या चालकावर येते.' मागून धडकलेल्या गाड्यांच्या दहापैकी नऊ अहवालांत हेच असतं आणि ते खरंही असतं. पुढचा कधीही थांबेल हे धरूनच मागच्याने चालवायचं, हा रस्त्याचा साधा व्यवहार. मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, चष्म्याचं दुकान आहे. ते म्हणतात, आमच्याकडे आधी डोळे तपासतात, मग चष्मा देतात; हिच्याकडे चष्मा तयार, डोळे नंतर. मावशी म्हणते, तुमच्याकडे येणाऱ्याला निदान दिसत नाही हे मान्य तरी असतं.

पण दहावा अहवाल ती असा सहज लिहीत नसे. त्यासाठी तिचा एक नियम होता. ती त्याला जोड बघणं म्हणायची. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर दोघींचं नुकसान एकमेकांत बसलं पाहिजे, डब्यावर झाकण बसावं तसं. म्हणून आपल्या कंपनीची गाडी बघून झाली की ती दुसरीही बघायला जायची, मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेना. कंपनी हे मागत नाही. बाकीचे सर्व्हेअर करत नाहीत. एकीचं ऐकून न्याय करायचा तर घरी बसूनही करता येतो, असं ती म्हणायची.

त्या वर्षी तिच्याच्याने ते होत नव्हतं. तिच्या बरोबरीचा एक सर्व्हेअर काम सोडून गेला होता आणि त्याचा भाग तिच्या गळ्यात पडला होता. दिवसाला तीन-तीन गाड्या. सकाळी गुडघ्यांना पट्टे बांधून ती स्कूटरवर निघायची ती चारला परतायची, आणि मग पाय स्टुलावर ठेवून मला मजकूर सांगायची. सांगता सांगता तिचे डोळे मिटायचे. मी थांबायचे. डोळे न उघडताच ती म्हणायची, "पुढचं तुला येतंय की." मला येत होतं. मी परिच्छेद टाइप करून टाकायचे.

त्यातलाच एक अहवाल एका शिवणक्लासच्या बाईंच्या गाडीचा.

अपघात मोठा नव्हता. दुपारी अडीचच्या सुमाराला पुलावरून उतरताना बाईंची लहान पांढरी गाडी पुढे होती आणि शाळेची पिवळी व्हॅन मागून आदळली. व्हॅन रिकामी होती. मुलांना आणायला निघाली होती. बाईंच्या मानेला हिसका बसला, व्हॅनच्या ड्रायव्हरला काही झालं नाही. बाईंचा जबाब असा की मी माझ्या लेनमध्ये सरळ चालले होते, मागून धडक बसली. ड्रायव्हरचा जबाब असा की गाडी बाजूच्या लेनमधून अचानक पुढे घुसली, थांबायला वेळच मिळाला नाही. मागून ठोकणारा प्रत्येक जण हेच सांगतो. अचानक हा शब्द नसलेला जबाब मी अजून टाइप केलेला नाही.

बाईंची गाडी उस्तादच्या गॅरेजात आली होती. उस्ताद म्हणजे डेंटर, पत्रा ठोकून सरळ करणारा. हाताला अशी जादू की पोचा कुठे होता ते गाडीचा मालकही विसरावा. मावशी पोचेपर्यंत त्याने एक काम करून ठेवलं होतं. बाईंच्या डिकीत गिऱ्हाइकांचे शिवून झालेले कपडे होते, ते त्याच संध्याकाळी द्यायचे होते आणि डिकी उघडत नव्हती. बाई रडकुंडीला आल्या होत्या. उस्तादने बंपर उतरवला, डिकीच्या कोपऱ्यात पहार घालून पत्रा बाहेर ओढला, कपडे काढून दिले. मग हात तसाच चालू राहिला. ओढलेला पत्रा चार ठोके मारून बसता केला. गाडीच्या डाव्या अंगाला पिवळा रंग घासला होता तो रबिंगची पेस्ट लावून पुसून टाकला. एवढी चांगली बाई, तिने आपली गाडी बघायला यावं आणि ती अशी दिसावी, हे त्याला बघवलं नाही.

सर्व्हे व्हायच्या आधी गाडीला हात लावायचा नसतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मावशी त्याच्यावर चिडलीही. पण ती तिची त्या दिवसातली तिसरी गाडी होती. समोर होता तो मागचा पत्रा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच आत गेलेला. सरळ मागून बसलेली धडक अशीच दिसते. बंपर कुठे आहे विचारल्यावर उस्तादने शेडच्या मागे बोट दाखवलं आणि म्हणाला की पार गेलाय, बघण्यासारखं त्यात काही उरलं नाही. मावशी तेव्हा वर्तमानपत्रावर बसलेली होती. तिने शेडच्या दिशेला एकदा बघितलं आणि कागदावर 'बंपर – बदलणे' असं लिहिलं.

व्हॅन बघायला ती गेली नाही. व्हॅनचा विमा दुसऱ्या कंपनीचा, व्हॅन शाळेच्या आवारात उभी. उद्या जाऊ म्हणाली. उद्याच्या तीन गाड्या होत्याच. घरी आल्यावर तिने नुकसानीची यादी सांगितली आणि डोळे मिटले. पुढचं मला येत होतं.

अठरा दिवसांनी, एका गुरुवारी सकाळी, आमच्या दारात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, खाकी शर्टाला कडक इस्त्री, चपला दाराबाहेर एकमेकींना अगदी समांतर काढून ठेवलेल्या. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. पत्ता उस्तादकडून मिळवला होता. आत ये म्हटल्यावर आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि चहा नको म्हणाला. मावशी घाईत होती. गुडघ्याचा एक पट्टा बांधून झाला होता, दुसरा हातात होता.

त्याने भांडायला सुरुवात केली नाही. जे सांगायचं ते आधी मनात लावून आणल्यासारखं क्रमाने सांगितलं. बाईंच्या विमा कंपनीने शाळेला पत्र पाठवलं होतं, सोबत मावशीच्या अहवालाची प्रत. शाळेचा नियम सरळ होता: ज्याची चूक ठरली त्याच्या हातात मुलं द्यायची नाहीत. सोमवारी कमिटी बसणार होती. एकोणीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नव्हता, पण कमिटीसमोर कागद होता आणि कागदावर सही होती. या वयात दुसरी शाळा घेणार नाही, आणि चूक लागलेल्या माणसाला तर कुठलीच नाही.

मावशीने तिचं नेहमीचं सांगितलं. मागून येणाऱ्याने अंतर ठेवायचं असतं, पुढच्याने काहीही केलं तरी. तो मान डोलवत ऐकत होता. तिचं झाल्यावर म्हणाला,

"ते बरोबर आहे, बाई. मला एवढंच विचारायचं होतं, तुम्ही माझी गाडी कधी बघितलीत?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं की ती येऊन गेली असेल, आपण तेव्हा दुसरी व्हॅन घेऊन फेरीवर असू.

मावशी हातातला पट्टा उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "नाही बघितली."

त्या दिवशीच्या तिन्ही गाड्या तिने पुढे ढकलल्या. मी कॉलेज बुडवलं आणि तिला शाळेत घेऊन गेले. व्हॅन आवाराच्या कोपऱ्यात, जुन्या बाकांच्या ढिगाशेजारी उभी होती. मावशी तिच्यासमोर गेली आणि टॉर्च काढायच्या आधीच थांबली. कारण बघायला टॉर्च लागत नव्हता. व्हॅनचा फक्त उजवा कोपरा गेला होता. उजवा दिवा, त्याच्याभोवतीचा वीतभर पत्रा, बस्स. डावीकडचा दिवा, मधली जाळी, नंबरप्लेट, सगळं जसंच्या तसं. पांढऱ्या गाडीचा मागचा भाग टोकापासून टोकापर्यंत आत गेलेला आणि तो करणाऱ्या गाडीचा एक कोपरा तेवढा फुटलेला. झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं.

"उस्ताद," ती हळूच म्हणाली. समोर उस्ताद नव्हता.

तिथून आम्ही तडक गॅरेजात. उस्तादने तिला बघितलं आणि बिडी विझवली. तिने नुसतं विचारलं, त्या पांढऱ्या गाडीचा मागचा पत्रा तू कुठून कुठवर ओढलास. त्याने हवेत हात फिरवून दाखवलं. डावा कोपरा पार आत दुमडला होता, तो ओढून बाहेर काढला. त्या ओढाओढीत मधला भाग आत बसला. मग सगळं एका रेषेत यावं म्हणून जरा ठोकलं. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं. तो खाली बघून म्हणाला, "टॉर्चबाई, मी आपलं चांगुलपणाने केलं हो." ती म्हणाली, तुझ्या चांगुलपणाने एका माणसाची नोकरी जाते आहे, आणि माझ्या आळसाने. तुझं नाव मी पहिलं घेते आहे कारण तू समोर आहेस.

बंपर अजून शेडच्या मागे होता. भंगारवाला मधल्या दिवसांत आला नव्हता, एवढंच आमचं नशीब. शेडपर्यंतची पावलं मी मोजली नाहीत, मावशीने मोजली. वीस. बंपर उजवीकडे शाबूत होता, मधे तडकलेला आणि डाव्या टोकाला चुरगाळलेला. जिथे तो गाडीच्या बाजूला वळतो त्या वळणावर पिवळ्या रंगाचे तिरके फरकाटे होते. मावशीने खाली बसून टॉर्च धरला. गाडी सरळ उभी असेल तर मागून येणाऱ्याला तिची बाजू दिसत नाही, त्यामुळे बाजूला रंग लागायचं कारणच नाही. बाजूला रंग लागला म्हणजे गाडी तिरकी होती. तिचं नाक डाव्या लेनमध्ये शिरलं होतं आणि शेपूट अजून उजव्या लेनमध्ये होतं. ती सरळ चालली नव्हती. ती आत येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी शिवणक्लासच्या बाईंकडे गेली. जायची गरज नव्हती. पण दुसरा अहवाल त्यांच्या विरुद्ध जाणार हे त्यांना कागदावरून कळू नये, असं तिला वाटत होतं. क्लासमध्ये पाच-सहा मशीन चालू होती, बाई मानेला पट्टा लावून एका मुलीला काखेचा आकार कापायला शिकवत होत्या. त्यांनी मशीन बंद करायला लावली नाहीत, त्यामुळे सगळं बोलणं त्या घरघरीत झालं. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मनात त्या केव्हाच त्या लेनमध्ये येऊन सरळ झालेल्या होत्या. शिवाय त्यांनी इंडिकेटर दिला होता. हे त्यांनी तीनदा सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. मी सिग्नल दिला होता ना?

"दिला असेल," मावशी म्हणाली. "सिग्नल म्हणजे विचारणं झालं. येऊ का, म्हणून. तुम्ही उत्तराला थांबला नाहीत."

बाईंनी हातातल्या कात्रीचं तोंड मिटलं. मग म्हणाल्या की थांबलं तर कुणी येऊच देत नाही. यावर मावशीने मान डोलावली. तिने सत्तावीस वर्षं रस्ते बघितले आहेत.

कंपनीतल्या साहेबांना तिने फोनवरच सांगितलं. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड. त्यांचं म्हणणं मला मावशीच्या चेहऱ्यावरून कळत होतं आणि नंतर तिने सांगितलंही. मिटलेलं प्रकरण उकरून काय मिळणार. आपल्याच गाडीच्या विरुद्ध आपणच लिहायचं हा कुठला शहाणपणा. आणि एका हाताने दोन निकाल दिले की वरचे लोक म्हणणार, हिचे जुने अहवालही काढून बघा. मॅडम, तुमच्या भल्यासाठी सांगतोय. मावशी हो हो म्हणत राहिली. ती थकलेली असली की वाद घालत नाही, सगळ्याला हो म्हणते आणि मग आपल्याला हवं ते करते. काका याला कासवाची चाल म्हणतात.

शनिवारी सकाळी आम्ही बंपर घेऊन शाळेत गेलो. फोटो पुरले असते, पण मावशीला जोड बघायची होती, एकदा राहून गेली होती म्हणून तर जास्तच. मी स्कूटर चालवत होते, ती मागे बसून तो लांबलचक बंपर आडवा मांडीवर धरून. सिग्नलला एक रिक्षावाला वाकून म्हणाला, मावशी, गाडी हप्त्याहप्त्याने घेताय का? ती एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

ड्रायव्हर वाट बघत उभा होता. शनिवारची अर्धी शाळा, मुलं वर्गात, आवारात कुणी नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून बंपर व्हॅनसमोर जमिनीपासून हवा तेवढ्या उंचीवर धरला. मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मधे मावशी, टेप घेऊन. ती सांगत होती, जरा वर, अजून तिरका, माझ्याकडे फिरवा. आणि एका ठिकाणी तो बसला. चुरगाळलेलं टोक फुटलेल्या दिव्याच्या खाचेत गेलं, पिवळे फरकाटे रंग उडालेल्या पत्र्यासमोर आले. इतका अलगद बसला की माझ्या हातांना ते जाणवलं. मावशीने कोन मोजला, फोटो काढले. बाकी काही सिद्ध करायचं राहिलं नव्हतं.

त्याने बंपरचं टोक सोडलं नाही. तसाच धरून म्हणाला, "बाई, एक राहिलंय."

मावशी टेप गुंडाळत होती.

"तिचा इंडिकेटर मला दिसला होता. आरामात दिसला होता. रेसवरचा पाय उचलला असता तर ती आत आली असती, काही झालं नसतं." तो जमिनीकडे बघत होता. "मी उचलला नाही. सकाळपासून जो येईल त्याला आत घेत होतो. तिच्या वेळेला म्हटलं, बास. ही नाही."

आवारातल्या नळाखाली बादली भरून वाहत होती. मावशीने आधी जाऊन तो नळ बंद केला. परत येऊन विचारलं,

"हे तुम्ही मला सांगताय, की जबाबात सांगताय?"

"फरक काय पडतो?"

"मला सांगत असाल तर मी विसरेन. मला विसरता येतं. जबाबात दिलंत तर ही ते टाइप करेल, आणि सोमवारी कमिटीच्या पुढ्यात असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, जणू निर्णय माझ्या बोटांत होता. मग म्हणाला, घरी बोलून सांगतो.

घरी आल्यावर मावशीने स्टूल ओढलं नाही. खुर्चीत ताठ बसली आणि मला दुसरा अहवाल सांगायला लागली. पहिल्याच ओळीत तिने स्वतःला घातलं: पहिल्या तपासणीच्या वेळी मी वाहनाचा बंपर पाहिला नाही व दुसरे वाहन पाहिले नाही. मी लिहिता लिहिता थांबले आणि म्हटलं, 'बंपर उपलब्ध नव्हता' असं लिहू या का? खोटंही होणार नाही फारसं.

"उपलब्ध होता," ती म्हणाली. "वीस पावलांवर होता. मी उठले नाही. तसं लिही."

मी तसं लिहिलं. 'उठले नाही' हे शब्द तेवढे तिने नंतर खोडले, अहवालाच्या भाषेत बसत नाहीत म्हणून. मग पत्रा, कोन, रंग, मापं. लेन बदलणाऱ्या वाहनाने मागील वाहनासाठी पुरेसे अंतर न ठेवता प्रवेश केला, सबब अपघाताची मुख्य जबाबदारी पुढील वाहनाच्या चालकावर येते. इथे ती थांबली. तिने डोळे मिटले नाहीत, फोनकडे बघत राहिली. काका दुकानातून जेवायला आले, जेवून परत गेले. एका ठिकाणी अर्धं वाक्य सोडून आम्ही दोघी बसलो होतो. मला मनातून वाटत होतं की फोन येऊ नये. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

तीनच्या सुमाराला फोन आला. तिने तो मला ऐकू यावा असा धरला. बायको म्हणते वेड लागलंय का तुम्हाला, असं त्याने आधी सांगितलं. थोरला मुलगाही तेच म्हणाला. आपल्या बाजूने आलेला कागद पुन्हा कशाला बिघडवायचा. ते बरोबरच बोलतायत, असंही म्हणाला.

"पण लिहा तुम्ही. सोमवारी मला विचारतील, तेव्हा मी काय सांगितलं होतं आणि काय नव्हतं ते सांभाळत बसायला मला जमणार नाही. दोन-दोन गोष्टी लक्षात ठेवायचं आता वय नाही."

मावशी म्हणाली, "बरं." आणि मला सांगितलं, लिही: मागील वाहनाच्या चालकास पुढील वाहनाचा इशारा दिसला होता व वेग कमी करणे शक्य होते, त्याने तो केला नाही. ही बाब त्याने स्वतःहून सांगितली आहे. मी 'स्वतःहून' हा शब्द अधोरेखित करू का विचारलं. ती म्हणाली, अहवालात काही अधोरेखित करायचं नसतं.

शनिवारीच आम्ही तो कंपनीत देऊन आलो, एक प्रत शाळेत. रविवारी ती दिवसभर कपाटं आवरत बसली. गुडघे दुखतात आणि कपाटं आवरते म्हणून काकांनी तिला दोनदा बोलून घेतलं.

सोमवारी कमिटी बसली ती दोन तास. हे आम्हाला मंगळवारी त्याच्याकडूनच कळलं. एक जण म्हणाला होता की मुख्य जबाबदारी दुसऱ्याची आहे, विषय संपला. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या की संपत नाही. ज्याला गाडी दिसली आणि तरी पाय उचलला नाही, त्याच्या गाडीत माझी मुलगी बसणार आहे. तो बाहेरच्या बाकावर बसून दाराच्या फटीतून सगळं ऐकत होता. शेवटी ठरलं की एक महिना त्याने व्हॅन चालवायची नाही, मदतनीस म्हणून बसायचं, मुलं चढवायची-उतरवायची. महिन्यानंतर बघू. चालवायला बदली माणूस. मावशीने विचारलं की मग नंतर काय. तो म्हणाला, "बघू म्हणालेत. नाही म्हणालेले नाहीत."

त्या महिन्यात त्याने दोनदा फोन केला, काही कारण नसताना. बदली माणूस वळणावर अशी गाडी घेतो की मुलांच्या पाण्याच्या बाटल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरंगळत जातात. एका लहान मुलीने त्याला विचारलं की काका, तुम्ही नापास झालात का. हो म्हणालो, तो म्हणाला. मावशी फोनवर फारसं बोलायची नाही, पण ठेवायचीही नाही.

शिवणक्लासच्या बाईंनी वर तक्रार केली आणि मग सोडून दिली. साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की सध्या गाड्या कमी आहेत. आठवड्याला अठराच्या जागी चार यायला लागल्या, मग दोन. तिचे जुने अहवाल काढून बघितले की नाही ते कळलं नाही. तिने स्वतःच मात्र काढले. माझ्या कॉम्प्युटरवरचे दोन वर्षांतले मागून धडकेचे सगळे, तिने एकामागून एक वाचले. त्यांतल्या सहांवर पेन्सिलीने खूण केली. त्या गाड्या केव्हाच दुरुस्त होऊन रस्त्यावर गेल्या आहेत, त्यांची जोड आता कुणालाच बघता येणार नाही. मी विचारलं, मग खुणा कशाला. ती म्हणाली, "मला माहीत असावं म्हणून."

महिना संपून चार दिवस झाले होते. सकाळी सातला फोन वाजला. मावशी अजून अंथरुणात होती; उचलून कानाला लावला आणि पडूनच ऐकत राहिली. मागे मुलांचा कालवा होता, इतका की ड्रायव्हरचे शब्द मला पलंगापाशी उभं राहूनही कळले नाहीत. फक्त इंजिन चालू असल्याचं कळत होतं. गाडी उभी करून बोलताय ना, एवढं तिने विचारलं. मग बरं, बरं, ठेवा, मुलांना उशीर होईल, असं म्हणून फोन उशीपाशी ठेवला.

त्या दिवशी तिला एकही गाडी बघायला जायचं नव्हतं. तिने कूस बदलली आणि पुन्हा झोपली. दहा वाजले तरी उठली नाही. काकांनी दुकानाला जाताना दार हलक्या हाताने ओढून घेतलं.